न्यूमार्केटची सकाळ आणि घोड्याचा पाय

केंब्रिजहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत न्यूमार्केट येते. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हे लहानसे गाव. परंतु शर्यतीचे सुमारे तीन हजार घोडे येथे राहतात आणि सकाळच्या प्रहरी रस्त्यावर मान त्यांचाच असतो. घोड्यांची रांग ओलांडेपर्यंत मोटारी निमूटपणे थांबून राहतात. वॉरन हिलच्या हिरव्या चढणीवर दोन-दोन, तीन-तीन घोडे धावत वर येतात, तेव्हा टापांच्या आधी त्यांच्या श्वासांचा आवाज कानी पडतो.

कन्येचे वास्तव्य केंब्रिजला असल्यामुळे आम्हा उभयतांना हे गाव दोनदा पाहण्याचा योग आला. दुसऱ्या चार्ल्स राजाने सतराव्या शतकात येथील शर्यतींना राजाश्रय दिला. घोड्यांचे लिलाव येथे आजही गिनीत बोलले जातात. गिनीचे नाणे केव्हाच चलनातून गेले. हिशेबात मात्र एक गिनी म्हणजे एक पौंड पाच पेन्स. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला याची गंमत वाटल्याखेरीज राहत नाही. शर्यतीवरील पैजांविषयी मला आस्था नाही. पण तो प्राणी पाहताना नजर हटत नाही, हे खरे.

दुसऱ्या भेटीत, कन्येच्या परिचयाच्या एका पशुवैद्यक बाईंमुळे, गावाबाहेरील एक उपचारशाळा पाहता आली. तेथे गडद तांबूस रंगाची एक तरुण घोडी उभी होती. तिच्या पुढच्या डाव्या पायाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, दुखावली होती. बाजूने पाहिले असता पाय धनुष्यासारखा फुगीर दिसत होता.

बाईंनी सांगितलेले ऐकून मी थक्क झालो. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच; सारा भार हाडांवर आणि या दोरांवर. भरधाव धावताना एका पुढच्या पायावर शरीराच्या सुमारे अडीचपट वजन येते. पाचशे किलोच्या घोड्याच्या बाबतीत ते एक टनाच्या पुढे जाते. कंडरा प्रत्येक टापेला ताणली जाते, परत आखडते, आणि तिच्या गाभ्याचे तापमान 45 अंशांपर्यंत चढते. रक्तपुरवठा तुटपुंजा. त्यामुळे एकदा तंतू तुटले की जागा भरते ती व्रणाच्या ऊतीने, मूळच्या लवचिक तंतूंनी नव्हे.

पूर्वी अशा पायाला तापल्या लोखंडाचे डाग देत. आपल्याकडे बैलांना डागत, तसेच. 1983 साली ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी या उपायाने कंडरा बरी होण्यास मदत होत नाही, असे दाखवून दिले. त्या मुक्या जिवांनी शतकानुशतके सोसलेल्या वेदनेचा जमाखर्च कोणी मांडायचा?

आता त्याच पायावर प्रकाश टाकला जातो. पायावरील केस कातरले होते, कारण केस, विशेषतः गडद रंगाचे, बराच प्रकाश शोषून घेतात. आम्हा सर्वांना रंगीत चष्मे दिले गेले. उपचाराचा किरण अवरक्त, म्हणून डोळ्यांना न दिसणारा. दिसतो तो केवळ वाट दाखवणारा तांबडा ठिपका. बाई यंत्राची मूठ सावकाश वर-खाली फिरवीत होत्या आणि घोडी डोळे अर्धवट मिटून उभी होती. या उपचाराचे मूळ बुडापेस्टमध्ये आहे. एन्द्रे मेस्टर यांनी 1967 साली, लेसरने कर्करोग होतो काय हे पाहण्यासाठी उंदरांच्या पाठीचे केस काढून त्यावर किरण सोडले. कर्करोग झाला नाही. उलट केस लवकर उगवले. पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे घटक हा प्रकाश शोषून घेतात आणि दुरुस्तीच्या कामाला चालना मिळते, असे आज मानले जाते.

“मग घोडी किती दिवसांत धावेल?” मी विचारले.

“दिवसांत नाही. वर्षभराने, धावली तर,” त्या म्हणाल्या.

2018 साली दीडशे खेळाच्या घोड्यांवरील लेसर-उपचाराच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी लेसर न दिलेले घोडे त्यात नव्हते. तेव्हा श्रेय किरणाचे किती आणि विश्रांतीचे किती, हे त्यावरून ठरवता येत नाही. बाईंना भीती वेगळीच होती. सूज उतरते, वेदना शमते, पाय हातास थंड लागतो; मालकाला घोडी बरी झाल्यासारखी वाटते. आत मात्र तंतू अद्याप कच्चे असतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारा काळा ठिपका भरून येण्यापूर्वी तिला धाववले, तर तीच कंडरा पुन्हा तुटते, आणि दुसऱ्या वेळी बहुधा कायमची. दर महिन्याला दाणावैरणीचे, मोतद्दाराचे आणि वैद्यकाचे बिल भरणाऱ्या मालकाला हे पटवणे, यंत्र चालवण्याहून अवघड असते, असे त्या हसत म्हणाल्या. थकलेल्या कर्जदाराची घाई मी पुष्कळ पाहिली आहे. मला ते लगेच समजले.

ठाणाबाहेर एक फळा टांगलेला होता. त्यावर त्या आठवड्याचा कार्यक्रम खडूने लिहिला होता: हाताने धरून चालवणे, सकाळी 15 मिनिटे, सायंकाळी 15 मिनिटे, सपाट जमिनीवर. पुढच्या आठवड्यासाठी 20 लिहून ठेवले होते.