सातचा ठोका

आमच्या घराण्यात सहलीची तयारी भांडणावाचून पार पडल्याचे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. त्या वेळी सहलच रद्द झाली होती. त्यामुळे २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता न्यू जर्सीला चिरंजीवांकडे उतरलो, आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर "बाबा, एप्रिलच्या सुट्टीत आपण सगळे डिस्ने वर्ल्डला जाणार आहोत" अशी घोषणा झाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याचे कारण विमान नव्हते, खर्चही नव्हता. (खर्च थोडासा होता.)

"अजून अडीच महिने आहेत की," मी म्हणालो.

"अडीचच महिने आहेत," चिरंजीव म्हणाले.

त्या 'च'मध्ये पुढचे सारे महाभारत साठवलेले होते.

फ्लॉरिडातले हे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एखादी बाग असेल, पाळणे असतील, चार-सहा तास हिंडून भेळ खाऊन परतायचे असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात ते सुमारे चाळीस चौरस मैलांचे संस्थान आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची आपली जुनी मुंबई त्यात सहज मावेल आणि वर दूध तापवायला जागा उरेल. आत एक नव्हे, चार निरनिराळी उद्याने. पहिले १९७१ साली उघडले, चौथे १९९८ साली. १९७१ मध्ये मोठ्या माणसाला आत शिरायला साडेतीन डॉलर पडत. खेळांची तिकिटे निराळी. आता गर्दीच्या दिवसांत माणशी एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या घरात जाते. डॉलरचे रुपये करायचे नाहीत, असे सूनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. म्हणून मी तो गुणाकार न्हाणीघरात करीत असे.

तिकीट काढले की संपले, असेही नाही. तिथल्या उपाहारगृहातले टेबल साठ दिवस आधी धरून ठेवावे लागते. एप्रिलातल्या अमुक तारखेला संध्याकाळी सहाला आपल्याला भूक लागणार आहे, हे फेब्रुवारीतच ठरवायचे! मोठ्या खेळांपुढे दोन रांगा असतात. एक साधी, आणि दुसरी जादा पैसे भरून वेळ ठरवून घेतलेल्यांची, झटपट. ही झटपट वेळ त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी, सकाळी सातच्या ठोक्याला फोनवर मिळू लागते. सातला म्हणजे सातलाच. मनाजोगत्या वेळा हव्या असतील तर सात वाजून पाच मिनिटे झालेली परवडत नाहीत.

मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षे काढली. रांग हा आमच्या धंद्याचाच विषय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांग नावाच्या गृहस्थाने १९०९ साली ह्या शास्त्राचा पाया घातला, आणि टेलिफोनची वर्दळ आम्ही त्याच्याच नावाच्या मापाने मोजत असू. त्या अनुभवाच्या जोरावर मी चिरंजीवांना समजावू पाहिले की, झुला तेवढाच, बसणारे तेवढेच; मग दोन रांगा केल्याने एकूण ताटकळणे कमी कसे होणार? झटपटवाला पुढे गेला म्हणजे साधा तेवढा मागे राहिला.

"म्हणूनच आपण झटपटवाले व्हायचं, बाबा," चिरंजीव म्हणाले.

ह्यावर अर्लांगकडेही उत्तर नसावे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पूर्वी माणूस रांगेत उभा राही तो तिथे, त्या दिवशी. आता तीच रांग अडीच महिने आधी आमच्या जेवणघरात येऊन उभी राहिली होती.

चिरंजीवांनी संगणकावर एक तक्ता केला. निळा रंग म्हणजे खेळ, हिरवा म्हणजे जेवण, पिवळा म्हणजे बस, आणि राखाडी म्हणजे विश्रांती. राखाडी रंग शोधायला मला चष्मा लावावा लागला. रात्री सारे झोपल्यावर चिरंजीव तो तक्ता उघडून बसत. एकदा दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तर हे अंधारात एकटेच बसलेले, तोंडावर पडद्याचा उजेड. "पाऊस आला तर बुधवारचं शुक्रवारी नेता येईल का, ते बघतोय," म्हणाले. दिवसा मात्र साध्या साध्या गोष्टींवरून ते खेकसू लागले होते. सूनबाईंनी "मंगळवारी जरा उशिरा उठलं तर?" एवढेच विचारले, तर तक्ता मिटून तरातरा वर निघून गेले.

घरात प्रत्येकाची निराळी तऱ्हा. नात तेरा वर्षांची. तिला सगळ्यांत उंच, सगळ्यांत वेगवान खेळ हवे होते. पण आपण घरच्यांबरोबर आहोत हे कुणाला दिसायला नको होते. नातू सहा वर्षांचा. 'स्पेस माउंटन' नावाच्या, अंधारात धावणाऱ्या गाडीत बसायला चव्वेचाळीस इंच उंची लागते, आणि हे महाशय साडेत्रेचाळीस. दर रविवारी त्यांना दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने खूण होई. आमची ही त्यांना दोन वेळा दूध पाजी. एका दुपारी नातवाने माझ्या कानाशी येऊन विचारले, "आजोबा, दूध नाही प्यायलं तर उंची थांबते का?" मला वाटले, दुधाचा कंटाळा. मी त्याला दुधाचे महत्त्व सांगितले.

आणि आमची ही? तिला ह्या सगळ्याचे कौतुक वाटत होते. "शेवटी उंदराच्याच दर्शनाला चाललोय ना? गणपतीचं वाहन आहे, पावेल," म्हणे. फराळाचे डबे तिने आतापासूनच ठरवले होते. पण एक गोष्ट तिने आणि मी मिळून लपवली होती. डिसेंबरात पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या गुडघ्याचे चित्र उजेडापुढे धरून सांगितले होते, "फार चालायचं नाही." तिथे दिवसाला सात-आठ मैलांची पायपीट सहज होते, हे तक्त्यावरून मला कळले होते. मी बोलणार, तोच ती म्हणाली, "खबरदार त्याला सांगाल तर. पोर सगळं रद्द करील." मी गप्प बसलो. नवऱ्याच्या गप्प बसण्याला आपल्याकडे समजूतदारपणा म्हणतात. पुष्कळदा तो नुसता भित्रेपणा असतो.

तो सातवा दिवस उजाडला. पावणेसातपासून टेबलाभोवती मंडळी सज्ज. चिरंजीवांपुढे संगणक, सूनबाई आणि नात ह्यांच्या हातांत फोन, माझ्याकडे घड्याळाची कामगिरी. मी मोठ्याने सेकंद मोजू लागलो. सातचा ठोका पडायला आणि जिन्यावर धडपडल्याचा आवाज व्हायला एकच गाठ पडली.

ही तिसऱ्या पायरीवर बसून होती. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्याने गुडघा. सगळे आपल्या नादात आहेत असे पाहून ती रोज सकाळी जिना चढउतार करून गुडघ्याला सवय लावत होती. दहा दिवस चालले होते हे. त्या दिवशी गुडघ्याने दगा दिला. फार लागले नव्हते. पण तिला उठवून, शेकून, पाणी देऊन मंडळी टेबलाशी परतेपर्यंत साडेसात झाले होते. हव्या त्या वेळा गेल्या होत्या. कारण त्या तीस मिनिटांत जगातल्या इतर आयांची गुडघी शाबूत होती.

मग जे व्हायचे ते झाले. "मला आधी का नाही सांगितलंत?" चिरंजीव ओरडले. मला ओरडले, आईला ओरडले, मग सूनबाईंना, ज्यांचा काहीच संबंध नव्हता. मीही आवाज चढवला. म्हणालो, "सहल आहे की सैन्याची स्वारी? कुणाला हौस आहे ह्याची?"

त्यावर ते खुर्चीत बसले. एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाबा, मला सगळं नीट करायचं होतं. तुम्ही पुन्हा याल की नाही, कुणी सांगावं?"

टेबलावर कुणी काही बोलले नाही. आम्ही दोघे सत्तरी ओलांडलेली माणसे. ती गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. फक्त तक्त्यात तिला रंग नव्हता.

त्या दुपारी मला १९६० सालचा मे महिना आठवला. मी आठ वर्षांचा. वडील कारकून. त्यांनी आमच्या घरच्या सर्वांना नाशिक-त्र्यंबकेश्वर दाखवायचे मनावर घेतले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी बारीक अक्षरात सारी यात्रा आखली: एसटीची वेळ, धर्मशाळा, दर डोई खर्च, वाटेत कोणी कुठे पाणी प्यायचे तेही. आणि ते चार दिवस ते आमच्यावर सारखे ओरडत होते. पंचवटीत मी गोटीसोडा मागितला म्हणून मला एक चापट बसली. ती मी बरीच वर्षे मनात ठेवली होती. आई तर रामकुंडावर सामानापाशी बसून राहिली. काळारामाच्या देवळाबाहेरही तीच बसली, चपला आणि वळकट्या सांभाळत. पुढे कोणी "नाशिक पाहिलंत का?" असे विचारले की ती म्हणे, "पाहिलं तर! अकरा नग होते, अकराही परत आणले."

आम्ही हसत असू. त्या दुपारी मला हसू आले नाही. वडिलांची चापट गोटीसोड्यासाठी नव्हती. कॅलेंडरच्या पाठीवर गोटीसोड्याचे दोन आणे लिहिलेले नव्हते, आणि 'नाही' म्हणायची त्यांना लाज वाटली होती, एवढेच.

गावातल्या वाचनालयातून मी डिस्नेसाहेबांवरचे एक पुस्तक आणले होते. रात्री चिरंजीवांच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्यातले सांगितले. ह्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात पहिले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, तेव्हा वर्षभर घोटून घोटून आखणी केली होती. तरी पहिल्या दिवशी खोट्या तिकिटांवर हजारो माणसे आत घुसली. नळ जोडणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. ताजे डांबर उन्हाने मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. पुढे फ्लॉरिडाची जमीन त्याने गुपचूप, दुसऱ्याच नावांच्या कंपन्यांमार्फत घेतली आणि डोक्यात सारे नवे नगर आखले. पण १५ डिसेंबर १९६६ ला तो वारला. उद्घाटनाला अजून पाच वर्षे होती. थोरला भाऊ रॉय निवृत्त व्हायचा होता; त्याने ते पुढे ढकलून काम तडीस नेले, नगराला भावाचे पुरे नाव दिले, आणि १९७१ च्या ऑक्टोबरात ते उघडून त्याच डिसेंबरात तोही गेला.

"म्हणजे ज्यानं आखलं, त्यानं पाहिलंच नाही," चिरंजीव म्हणाले.

"तुझ्या आजीनंही नाशिक पाहिलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी संगणक उघडला. मला वाटले, पुन्हा तक्ता. पण त्यांनी एकेक निळी चौकट पुसायला सुरुवात केली. चार उद्यानांची दोन झाली. राखाडी रंग चष्म्यावाचून दिसू लागला.

चाकाच्या खुर्चीचा प्रश्न उरला होता. तो हिनेच सोडवला. सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "तिथं भाड्यानं खुर्ची मिळते म्हणे. घ्या एक. लग्नात बसून मिरवले होते, आता पुन्हा मिरवते." आणि पाठ फिरवून साखर शोधू लागली. साखर समोरच होती.

सहलीचे वर्णन मी करणार नाही. ज्यांच्या घरचे कोणी अमेरिकेत आहे, त्यांनी ते फोटोंसह सोसलेले असते. एवढेच सांगतो की, 'स्पेस माउंटन'च्या दाराशी नातवाला मापाच्या खांबाखाली उभे केले आणि तो किंचित कमी भरला. सूनबाईंचा चेहरा उतरला. नातवाचा उजळला. माझा हात धरून तो पुटपुटला, "आजोबा, मला तिथं भीती वाटत होती." दोन महिने पोराने दूध आणि भीती एकदमच गिळली होती, आणि मी त्याला दुधाचे महत्त्व सांगितले होते!

"तुम्ही तिघं जा," मी चिरंजीवांना म्हणालो. "आम्ही इथं बसतो."

"पण बाबा, साडेसहाचं टेबल..."

"फोन इकडे दे."

त्यांनी तो दिला. बऱ्याच आठवड्यांत त्यांचा हात मी प्रथमच मोकळा पाहिला. नात आईबापांच्या मध्ये उभी राहून, कुणी पाहत नाहीसे बघून, बापाच्या दंडाला धरून आत गेली.

आम्ही तिघे सावलीत बसलो. हिने खुर्चीत बसल्या बसल्या चकलीचा डबा उघडला. तासाभराने ती तिघे बाहेर आली ती केस विस्कटलेली, हसत, एकमेकांच्या खांद्यावर रेललेली. चिरंजीव दहा वर्षांचे दिसत होते. काय काय झाले ते सगळे एकदम सांगू लागले, आणि साडेसहाचे टेबल कुणाच्याही लक्षात राहिले नाही.

मी उठून सामान मोजले. पाच नग होते. पाचही परत आणले.