वाटीभर पाणी, एक पाते

दाढी करणे या विषयाला मराठी साहित्यात फारसा मान नाही. मिशीला पीळ देणाऱ्यांचे पोवाडे झाले, जटाधाऱ्यांची स्तोत्रे झाली; पण रोज सकाळी वाटीभर पाणी घेऊन आरशासमोर बसणारा, गालाला साबण फासणारा गृहस्थ सहसा कुणाच्या लेखणीवर चढला नाही. अपवाद संत सेना महाराजांचा. आपल्या धंद्याची हत्यारेच त्यांनी परमार्थाच्या कामाला लावली. परंपरा त्यांना बांधवगडच्या दरबारातले नाभिक मानते. बांधवगड आमच्या मध्य प्रदेशात आहे, तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडाफार हक्क आम्हा लष्करकरांनाही पोहोचतो, असे मी धरून चालतो.

लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचे लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याजवळ पडला, तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, छावणीचे शहर झाले. तुमच्या सीमाभागात मराठीच्या शेजारी कानडी नांदते, तशी आमच्याकडे हिंदी. घरात आम्ही दाढी करतो आणि दुकानात 'शेविंग का सामान' मागतो. ज्या गावाची सुरुवात तलवारींनी झाली, तिथे आज धार उरली आहे ती गालावरच्या पात्याची. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. तलवारींसाठी नावाजलेल्या विलायतेतल्या विल्किन्सन कंपनीनेही पुढे पातीच केली. १९६२ साली तिने न गंजणाऱ्या पोलादाचे पाते बाजारात आणले आणि एका पात्यावर भागणाऱ्या दाढ्यांची संख्या वाढली. जगाच्या दृष्टीने हा पराक्रम एखाद्या लढाईपेक्षा कमी उपयोगाचा नव्हे.

माझ्या लहानपणी दौलतगंजातल्या आमच्या घरी दाढीचा सरंजाम एका पत्र्याच्या डब्यात असे. पितळी मुलामा उडालेले तीन तुकड्यांचे यंत्र, केस विरळ झालेला ब्रश, साबणाची गोल वडी आणि तुरटीचा खडा. वडील ओसरीच्या खांबाला आरसा टांगत आणि पाटावर बसत. पाते बोथट झाले की ते काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला बोटाने दाबून मागेपुढे घासत आणि त्याच्यावर आणखी दोन दाढ्या उरकत. त्यानंतर ते पाते आईकडे शिवण उसवायला जाई आणि शेवटी आमच्याकडे पेन्सिलीला टोक करायला येई. एका पात्याची अशी तीन पिढ्यांची सेवा मी पाहिली आहे.

तो डबा आज कुणी संग्रहालयात ठेवायचे म्हणेल, पण त्यातली एकही वस्तू दुर्मीळ झालेली नाही. महाराज बाड्याच्या आसपासच्या कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये जा. दर्शनी भागात तीन-तीन, पाच-पाच पात्यांची चकचकीत यंत्रे पुठ्ठ्यावर टांगलेली दिसतील. त्यांचे एकेक बदली डोके शंभराच्या वर जाते, म्हणून काही दुकानदार ती कुलुपात ठेवतात. पण गल्ल्याखालचा खण उघडायला सांगा. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक अशी जुनी ओळखीची नावे चिमुकल्या पुडक्यांतून बाहेर येतात. पाच पात्यांचे पुडके एक-दोन कप चहाच्या भावात. माझा नेहमीचा दुकानदार मला पाहिले की विचारतो, "माट्साब, वही सात बजे वाला?" मी मान हलवतो. आमचा व्यवहार याच्या पुढे कधी गेला नाही आणि त्यात कधी खंडही पडला नाही.

हे पाते जगात आले ते एका फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यातून. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेत बाटल्यांची बुचे विकत असे. बूच एकदा वापरले की फेकायचे आणि गिऱ्हाईक परत येते, हे त्याने हेरले होते. १८९५ मध्ये त्याला वाटले, वस्तऱ्याचेही असेच का करू नये? कल्पना सोपी होती, कागदासारख्या पातळ पोलादाला धार लावणे अवघड होते. ते विल्यम निकर्सन या अभियंत्याने जमवले. १९०३ साली विक्री झाली एकूण ५१ यंत्रांची आणि १६८ पात्यांची. १९०४ मध्ये पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या पाठपिशवीत बसून हे यंत्र जगभर गेले. आपल्याकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटीत सुपरमॅक्सची पाती निघत, ती परदेशीही जात. न्हाव्याची धोपटी, त्यातला वस्तरा आणि त्याच्या येण्याचा ठरलेला वार यांवर अवलंबून असलेला माणूस या पात्याने स्वतःच्या हातावर आणला.

एवढे पुराण सांगण्याचे कारण माझ्या शाळेतले आहे. मी मुख्याध्यापक आहे. दहावी-अकरावीच्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी नीटनेटके उभे राहावे लागते, आणि त्या वयात चेहऱ्यावर जे उगवते ते ना धड दाढी ना धड लव. एका सोमवारी अकरावीतला एक मुलगा हनुवटीवर हात धरून उभा होता. हात काढायला लावला तर खाली चिघळलेली जखम. वडील दाल बाजारात पोती वाहतात. मी विचारले, "काय झाले?" खाली पाहत म्हणाला, "सर, पापावाला ब्लेड था. भैया ने भी उसी से बनाई थी." घरात तीन पुरुष, पाते एक, आणि साबण अंगाचा. नवे पाते का आणले नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याला वाटत होते, दाढीचे सामान म्हणजे दुकानात टांगलेले, जाहिरातीत नट वापरतो ते. आणि ते आपल्यासाठी नाही.

गरिबी परवडत नाही हे खरेच, पण अज्ञान त्याहून महाग पडते. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस 'बी'चा, विषाणू शरीराबाहेरही सात दिवस तग धरू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा कण त्याला पुरतो. म्हणूनच तर शहाणे न्हावी कायमच्या पात्याचा वस्तरा सोडून, प्रत्येक गिऱ्हाइकापुढे नवे पाते मोडून त्याचा अर्धा तुकडा मुठीत बसवतात. जी काळजी दुकानात घेतली जाते, ती घरात आपलेपणाच्या नावाखाली सुटते.

त्या मुलाला आधी दवाखान्यात पाठवले. मग शनिवारच्या शेवटच्या तासाला मोठ्या मुलांना बसवून फळ्यावर हिशेब मांडला. आठवड्याला दोन दाढ्या, वर्षाच्या एकशेचार. एका पात्यावर चार धरल्या तर सव्वीस पाती, म्हणजे पाच पुडकी आणि वर एक पाते. साधे यंत्र एकदाच घ्यायचे, ते नीट ठेवले तर मुलाच्या लग्नापर्यंत टिकते. घरात यंत्र एक चालेल, ते धुऊन घ्यावे. पाते मात्र ज्याचे त्याचे, नाव लिहिलेल्या कागदात गुंडाळलेले. वर्षाचा खर्च कॅरमच्या एका नव्या बोर्डापेक्षाही कमी निघाला, तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबली.

नंतर रीत सांगितली. आधी पाणी, भरपूर आणि शक्य तर कोमट. केस पाणी पितो तसा मऊ होतो आणि मऊ केस कमी जोरात कापला जातो. ब्रश गोल फिरवावा, म्हणजे केस उभे राहतात आणि फेस मुळाशी जातो. पाते गालाशी साधारण तीस अंशांत. इथे भूमितीच्या सरांनी कोनमापक वर धरून दाखवला, आणि वर्ग प्रथमच भूमितीवर मनापासून हसला. दाबायचे नाही, यंत्राच्या वजनालाच काम करू द्यायचे. केसांच्या दिशेने जायचे. शेवटी थंड पाणी आणि ओल्या तुरटीचा हात. तुरटी किराणा दुकानात मिळते. वापरलेले पाते कचऱ्यात उघडे टाकायचे नाही. कचरा उचलणाऱ्याचाही हात माणसाचाच असतो.

यात वाटीभर पाण्याचे महत्त्व आम्हाला निराळे सांगावे लागत नाही. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि शहराची नजर तिघऱ्याच्या धरणाकडे लागते. या पाण्याने मोठमोठ्यांना धडा दिला आहे. या शतकाच्या आरंभी जिलेट कंपनीने भारतीयांसाठी एक यंत्र काढले आणि ते अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले. त्यांनी वाहत्या नळाखाली दाढ्या केल्या आणि पसंतीची मान डोलावली. भारतात आल्यावर तेच यंत्र वाटीतल्या पाण्यात केसांनी तुंबू लागले. मग कंपनीचे लोक इथल्या घरांत येऊन जमिनीवर बसून दाढी करणाऱ्यांना पाहून गेले आणि २०१० साली एकाच पात्याचे, पंधरा रुपयांचे यंत्र निघाले, बदली पाते पाच रुपयांचे. परीक्षा घेण्याआधी वर्गात येऊन बसावे, हा नियम शिक्षकाला जसा लागू, तसा कारखानदारालाही. आमच्या जुन्या तीन तुकड्यांच्या यंत्राला मात्र ही अडचण कधीच नव्हती. मूठ फिरवली की ते उघडते, वाटीत बुडवले की स्वच्छ होते.

त्या मुलाची जखम आठवड्याभरात भरली. पुढच्या महिन्यात त्याचे वडील शाळेत आले. मला वाटले, फीबद्दल काही बोलायचे असेल. ते खुर्चीवर बसायलाच तयार होईनात. उभ्यानेच म्हणाले, "साब, अब हम तीनों की पुड़िया अलग है." आणि खिशातून पात्याची दुमडलेली पुडी काढून त्यांनी मला दाखवली. तिच्यावर शाईने त्यांचे नाव लिहिलेले होते. अक्षर मुलाचे होते. स्वतःच्या नावावर असलेली ती त्या घरातली बहुधा फार थोड्या वस्तूंपैकी एक असावी.