अनोळखी माणसाची मुखत्यारी

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)

चि. भाच्यास,

तुझे पत्र पावले. कामणदुर्गाच्या उतारावर पाय मुरगळून बसलेला तो अपरिचित गृहस्थ ‘जरा दम खातो, मग येतोच मागून’ असे हसून सांगत असता, तू पाड्यावर येऊन वर्दी दिलीस आणि चार माणसे विजेऱ्या घेऊन वर गेली, ही आपण नसती उठाठेव तर केली नाही ना, असे तू विचारतोस. त्याला साहाय्याची गरज होती याविषयी तुझ्या मनात मुळी संशय नव्हताच. तुला आड येत होती ती भीड, परक्याच्या कारभारात हात घालण्याची, आणि उद्या पंचनामा-जबाबांच्या फेऱ्यात सापडण्याची.

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा सभ्यतेचा नियम सपाटीवर ठीक आहे. परंतु त्याला बुटाची नाडी सोडवेना आणि ‘किती वाजले’ हे त्याने तुला तीनदा विचारले, असे तूच लिहितोस. पावसात तासन्‌तास भिजलेल्या देहातील गारठा हातापायांबरोबर विवेकावरही अंमल बसवू लागला, की स्वतःच्या प्रकृतीविषयी त्या माणसाने दिलेली ग्वाही पुराव्यात धरता येत नाही. अशा वेळी जो कोणी जवळ असेल तोच त्याचा मुखत्यार, मग ओळख असो वा नसो.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती हलकी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगरावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीला निघालेली माणसे काळोखात, भर पावसात पायीच चढली, आणि नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी त्या चढणीवरच गतप्राण झाला. खोपोलीचे यशवंती हायकर्स काय किंवा लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र काय, डोंगरात अडकलेल्यांच्या मदतीला धावणारी ही मंडळी स्वयंसेवक. आपापला कामधंदा टाकून दोर खांद्यावर घेतात. म्हणून केवळ कंटाळलेल्या, चालू शकणाऱ्या माणसासाठी त्यांना बोलावणे मला गैर वाटते. मात्र खरी गरज असता, त्यांच्यावर दया म्हणून फोन लांबवणे म्हणजे त्यांच्यावरच आपत्ती ओढवणे होय. चार वाजता मिळालेल्या खबरेवर ते उजेडात चढतात, आठच्या खबरेवर काळोखात. हिशेब मावळतीपासून मागे करावा: माहीतगारांना वर पोचायला लागणारा वेळ वजा जाता उजेड उरत नसेल, तर वाट पाहण्याची मुदत संपली.

पाड्यावर आधी सांगितलेस हे उत्तम. आपल्याकडे वाटा पाड्यावरच्या लोकांनाच ठाऊक. २०१८ च्या जुलैत चिंचोटीच्या धबधब्यावर शंभराहून अधिक लोक अडकले तेव्हाही सरकारी पथकांच्या जोडीने गावकरी राबले. पण ११२ क्रमांकही फिरवायचा होतास. जागा, इजा, माणूस शुद्धीवर आहे की नाही, सोबत कोण, एवढे सांगावे आणि मग फोनची बॅटरी राखावी. पुढे तो आपल्या पायांनी उतरला, तर तेही ताबडतोब कळवावे. अर्ध्या वाटेवरून परतावे लागले म्हणून या स्वयंसेवक मंडळींनी कुरकुर केलेली माझ्या ऐकिवात नाही.

त्या गृहस्थाने तुझे आभार मानले नाहीत, उलट ‘एवढा गाजावाजा कशाला’ म्हणून तो रुसला, याचे तुला वाईट वाटलेले दिसते. रुसू दे. त्याचे नाव आणि घरचा फोन नंबर मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यायला हवा होतास.

तुझी मामी डिंकाचे लाडू पाठवते आहे.

तुझा,
मामा