ती. स्व. मागणीबाईंना मेणवलीचं बोलावणं

तीर्थस्वरूप मागणीबाई यांस,



इकडे सर्व क्षेम. रानात हळद उभी आहे, काढणीला अजून अवकाश आहे. थंडी पडल्यापासून आईचे गुडघे दुखतात, वडील पहाटेच शेकोटी पेटवून अंगणात बसतात. धाकटीसाठी स्थळं बघणं चालू आहे, त्यामुळे तुमचं येणं-जाणं चालूच आहे. गेल्या रविवारीच येऊन गेलात. फलटणकडची मंडळी होती. पोहे झाले, पत्रिका दिली-घेतली, "कळवतो" म्हणून सगळे उठले. मी दाराशी उभा राहून तुमच्याकडेच बघत होतो. मला तुमच्याशी स्वतःसाठी बोलायचं होतं, पण चारचौघांत जमलं नाही. म्हणून हे पत्र.

पत्रास कारण की, जिच्याशी मला लग्न करायचं आहे ती नाताळची सुट्टी संपवून पुण्याला परत आली, की जानेवारीतल्या पहिल्या रविवारी मी तुम्हाला तिच्यापुढे घेऊन जाणार आहे. सोबत मध्यस्थ नाही, मामा नाही, याद्या करायला कुणी भाऊबंद नाहीत. लग्नाचं बोलणं आमच्यात दोन वर्षं चाललं आहे. मुलांचं काय, आडनावाचं काय, सण कुणाकडे, म्हातारपणी कुणाच्या आईजवळ कोण राहणार, हे सगळं आम्ही कधी भांडून, कधी रडून, बऱ्याचदा रात्री उशिरा चहा पीत बोललो आहोत. तिला ठाऊक नाही ते एवढंच, की मी त्या रविवारी विचारणार आहे आणि कुठे विचारणार आहे.

आता तुमच्याबद्दलची तक्रार सांगतो. रागावू नका. तक्रार माझ्या आत्याची आहे, मी फक्त लिहून घेतली आहे.

1983 च्या मे महिन्यात तुम्ही आमच्या ओट्यावर आला होतात. आत्या एकोणीस वर्षांची, वाईच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. बाहेर सतरंजीवर बैठक बसलेली आणि ही माजघरात शेंगा फोडत होती. दाराआडून आजोबांचा आवाज आला, "मुलगी तुमचीच समजा." बाहेर सुपारी फुटली. आत्याच्या हातातल्या शेंगेत तीन दाणे निघाले, हे तिला आजही आठवतं. त्या घरात त्या दिवशी देण्याघेण्याचं, मानपानाचं, तिथीचं, वऱ्हाडाच्या गाड्यांचं सगळ्यांना विचारलं गेलं. तिला कुणी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, "आत्या, तू नको म्हणाली असतीस का?" ती म्हणाली, "नाही रे, होच म्हटलं असतं. हे चांगलेच निघाले. पण विचारायला पाहिजे होतं."

मागणीबाई, हे वाक्य मी तुमच्या ओटीत घालतो आहे.

आणखी एक सांगतो. त्याच वर्षी चैत्रात आजीने आत्याला रुक्मिणी स्वयंवराचं पारायण करायला बसवलं होतं. चांगलं स्थळ यावं म्हणून उपवर मुलींनी एकनाथांचे ते अठरा प्रसंग वाचायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. पण त्या पोथीत आहे काय? विदर्भातली, कौंडिण्यपूरची एक राजकन्या. भावाने, रुक्मीने, तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलेलं. ती गप्प बसत नाही. स्वतः पत्र लिहिते आणि एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवते, मला घेऊन जा म्हणून. घरचा विरोध, भलतीकडे ठरलेलं लग्न, गुपचूप धाडलेला निरोप, सगळं त्यात आहे. ती पोथी मांडीवर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या मुली तुमची वाट बघत बसल्या आणि तुम्ही त्यांच्या वडिलांशी बोलून परत गेलात. वाचताना एका तरी मुलीचं बोट त्या पत्रापाशी थांबलं नसेल का? आत्याचं थांबलं होतं. तिनेच सांगितलं.

मुलीला बोलू देणंही आपल्याकडे जुनंच आहे. आमच्या जिल्ह्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. 25 डिसेंबर 1873 ला त्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिलं लग्न लावलं, सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं. पुढे जोतीरावांनी मंगलाष्टकं रचली, त्यांत वधूला बोलायला लावलं. तिने वराकडून हक्काचं वचन घ्यायचं, त्याने सगळ्यांसमोर ते द्यायचं. या गोष्टीला दीडशे वर्षं होत आली. म्हणजे मी तुमच्याकडे काही नवीन मागत नाही.

आता तिच्याविषयी. ती वसईची, नंदाखालची. घरात कादोडी बोलतात. आजी अजून लाल लुगडं नेसते. वडिलांची वाडी आहे, केळी आणि फुलं. निर्मळच्या जत्रेहून दरवर्षी माझ्यासाठी सुकेळी येतात, राजेळी केळ्यांची, पानात बांधलेली. ती रविवारची मिस्सा चुकवत नाही आणि मी मांढरदेवीची यात्रा. यातलं काही बदलायचं नाही, हे आमचं पहिल्या वर्षीच ठरलं आहे.

दोन्ही घरांची पंचांगं एकदा समोरासमोर मांडून पाहा. आमच्याकडे आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, तेव्हा लग्न नाही. पौषात नाही. त्यांच्याकडे नाताळापूर्वीचे चार आठवडे आगमनकाळ, आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, तेव्हा सहसा लग्नं लावत नाहीत. उरतो तो बहुतेक उन्हाळा. तोही चालेल. पण चर्चमध्ये, दोघांनी आपापला धर्म ठेवून करायचं तर बिशपांची परवानगी लागते, आणि मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी आपल्या परीने सर्व करीन, असं वचन तिला द्यावं लागतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने करायचं तर निबंधकाच्या कार्यालयात नोटीस लागते, तीस दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात. ती नोटीस तिथे कुणालाही वाचता येते. माझं भय तिथेच आहे. आमची नावं फलकावर लागण्याआधी दोन्ही घरांना ती आमच्या तोंडून कळली पाहिजेत. एखाद्या भावकीतल्याने चहाच्या टपरीवर वडिलांना सांगावं, असं मला होऊ द्यायचं नाही. त्यांनी माझ्यासाठी फार केलं आहे.

आईचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी गौरीच्या दिवसांत मी तिला घरी आणलं होतं, ऑफिसमधली मैत्रीण म्हणून. चुलीवर भाकरी चालल्या होत्या. आई पीठ आणायला आत गेली आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली, तशी हिने पुढे होऊन ती बोटांनीच उलटली आणि निखाऱ्यावर टेकवली. भाकरी टम्म फुगली. आईने उंबऱ्यातून पाहिलं. "हात भाजत नाही का गं?" "आमच्याकडे तांदळाची करतात, मम्मी शिकवते." आईचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आत्ताच सांगून टाकावं. मग आईने सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?" तिने सांगितलं. आई पुढची भाकरी थापत राहिली. त्यानंतर जेवण होईस्तोवर ती हिच्याशी एक शब्द बोलली नाही. पण निघताना तिच्या पिशवीत हळदीची पुडी घातली. घरची हळद. या दोन्हींचं वजन मी दोन वर्षं तोलतो आहे. आई वाईट नाही. धाकटीचं लग्न अडेल ही तिची भीती आहे, आणि ती खोटी नाही. फलटणच्या मंडळींनीही "मोठ्याचं काय?" असं विचारलंच होतं.

म्हणूनच आधी घरी सांगून मग तिला विचारावं, असं मला कितीदा तरी वाटलं. पण मग बैठक बसेल, मामा येतील, होकार-नकार ओट्यावर ठरेल आणि ती पुन्हा माजघरात शेंगा फोडत बसलेली असेल. ते मी करणार नाही. तिला आधी. त्याच संध्याकाळी दोन्ही घरी फोन. पुढच्या रविवारी आत्याला घेऊन मी नंदाखालला जाईन, रीतसर, पेढे घेऊन. त्या वेळी तुम्ही आमच्याबरोबर या. तेव्हा बैठकही असू दे, सतरंजीही असू दे.

जागा मेणवलीची ठरवली आहे. वाईपासून तीन किलोमीटर, कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा. तिला सांगितलं आहे की वाडा बघायला जायचं. घाटावरच्या घंटेबद्दल तिला अजून काही माहीत नाही. गौरीच्या वेळी चुलतभाऊ तो विषय काढू लागला, तेव्हा मी त्याला पाणी भरायला पिटाळलं. ती पोर्तुगिजांची घंटा आहे, पंचधातूची. तिच्यावर मरियामाता आणि कडेवर बाळ येशू, आणि 1707 साल. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक इथे. लहानपणी मी त्या बाळाच्या पायावर बोट ठेवून उभा राहायचो. हा बाळकृष्ण आहे, असं मला वाटायचं. ती घंटा वसईची आहे हे मला ही भेटल्यावर कळलं. घंटा लढाईत काढून आणलेली, ज्यांची होती त्यांना न विचारता. हे मी तिला तसंच सांगणार आहे. तिच्या गावाकडून माझ्या गावाकडे आलेली वस्तू मला तिला दाखवायची आहे, आणि तिथे उभं राहून तिला विचारायचं आहे.

अंगठीसाठी आत्याने तिच्या कानातलं एकटं उरलेलं फूल दिलं. दुसरं कधीकाळी उसाच्या शेतात पडलं ते सापडलं नाही, तेव्हापासून हे डब्यात होतं. माप मी दोऱ्याने घेतलं, तिने हात धुताना अंगठी काढून ठेवली होती तेवढ्यात. सोनाराने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "अजून विचारायचं आहे." तो म्हणाला, "मग दोन दिवस आधी देतो."

आता विनंती. त्या दिवशी सोबत कुणाला आणू नका. फोटोवाला नको, मित्र नकोत, टाळ्या नकोत. मागे एकदा एका मैत्रिणीला कुणीतरी सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून विचारलं. ती हो म्हणाली, आणि मग आमची ही तिच्यासोबत प्रसाधनगृहात अर्धा तास बसून होती. तेव्हाच हिने मला सांगितलं होतं, "मला कधी असं विचारू नकोस. नाही म्हणायला जागा ठेव." ती जागा तुम्ही राखा. घाट मोठा आहे. तिला चार पायऱ्या खाली उतरून नदीकडे तोंड करून उभं राहावंसं वाटलं, तर तिला राहू द्या. किती वेळ लागतो ते मोजू नका.

सकाळची मिस्सा आटोपून स्वारगेटहून निघायचं आहे, अकराच्या सुमाराची वाईची एसटी. तुम्ही खिडकीपाशी बसा, मी मध्ये बसेन.

घरातील थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
वाईकडचा एक मुलगा

ता. क. आत्याने विचारायला सांगितलं आहे: त्या दिवशी तीही मेणवलीला आली तर चालेल का? ती समोर येणार नाही, घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळात बसून राहील. मी नको म्हटलं. मग ती म्हणाली, "बरं, पण काय झालं ते मला सगळ्यात आधी कळव. आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांग."