वाचनालयातल्या दुर्गाबाई

आपल्या शनिवारच्या वर्गात मोठ्या मुलांनी यंदा दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' या पुस्तकातला उतारा वाचला. घरी आल्यावर आमच्या कन्येने जाहीर केले की या बाई नक्की बॉटनीच्या टीचर असणार. मी म्हटले, "टीचर नव्हेत. आणि त्यांना एकदा पोलिसांनी वाचनालयातून पकडून नेले होते." ती म्हणाली, "का? पुस्तक परत केलं नाही म्हणून?" उत्तर सांगता सांगता जेवण संपले, पण उत्तर संपले नाही. राहिलेले इथे लिहीत आहे. मुलांबरोबर पालकांनीही वाचावे ही विनंती.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, इंदूरचा. मृत्यू ७ मे २००२ रोजी मुंबईत. त्यांची धाकटी बहीण म्हणजे कमला सोहोनी. मुलगी आहे म्हणून बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, तेव्हा हट्टाने तो मिळवणाऱ्या आणि पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेणाऱ्या त्या कमलाबाई. हट्ट घराण्यातच होता म्हणायचा! दुर्गाबाईंची स्वतःची पीएच.डी. मात्र राहून गेली. मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये अभ्यासासाठी हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि त्या दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या. बऱ्या झाल्यावरही मोठ्या नोकरीच्या मागे त्या फारशा लागल्या नाहीत. लोककथा, लोकसाहित्य, महाभारत, बौद्ध धर्म असे त्यांचे विषय, आणि वर्षानुवर्षे बसण्याची जागा एकच, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय.

फोर्टात हॉर्निमन सर्कलसमोर टाऊन हॉलची ती पांढऱ्या खांबांची इमारत तुम्ही सुट्टीत मुंबईला गेलात तर जरूर पाहा. ती १८३३ साली पुरी झाली. समोर तीस पायऱ्या आहेत. त्या चढायच्या, आत आपल्या ठरलेल्या ठिकाणी बसायचे, वाचायचे, टिपणे काढायची आणि घरी जायचे. आमच्यासारख्या मस्टरवर सही करणाऱ्यांना प्रश्न पडतो की हजेरी घेणारा साहेब नसताना माणूस रोज कामावर जातो कसा. दुर्गाबाई गेल्या, अनेक दशके गेल्या.

पण ही विदुषी पुस्तकात तोंड खुपसून बसणारी नव्हती. त्यांना स्वयंपाकाची मनापासून आवड होती. 'खमंग' नावाचे त्यांचे खाण्यापिण्यावरचे पुस्तकच आहे. त्यांना भरतकाम आवडे. झाडे, फुले, पाखरे, ढग यांच्याकडे त्या इतक्या बारकाईने बघत की चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख लिहून १९५६ साली 'ऋतुचक्र' तयार झाले. आपल्याकडे इथे "दोनच ऋतू, उन्हाळा आणि कडक उन्हाळा" असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मे-जूनमध्ये रस्त्याकडेचा गुलमोहर इथेही लाल होतो. ऑगस्टच्या शेवटी पहाटे दक्षिणेला सुहैल तारा उगवतो आणि इथली जुनी माणसे म्हणतात, आता उन्हाचा जोर उतरणार. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य! तिकडे त्याच्या उदयाबरोबर पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळते असे मानतात. एकच तारा, दोन किनारे, दोन पंचांगे. दुर्गाबाई इथे राहिल्या असत्या तर यावर चार पाने सहज लिहिली असती.

अमेरिकन लेखक थोरो त्यांच्या आवडीचा. तळ्याकाठी झोपडी बांधून राहण्याच्या अनुभवावर त्याने लिहिलेले 'वॉल्डन' दुर्गाबाईंनी मराठीत आणले. हा थोरो १८४६ साली एक रात्र तुरुंगात होता, कारण गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला कर द्यायला त्याने नकार दिला. म्हणजे झाडाकडे बघणारा माणूस सरकारकडेही बघत होता.

आता पोलिसांची गोष्ट. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. माझा जन्म त्यानंतरचा, पण घरी वडीलमंडळींकडून खूप ऐकले आहे. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. निषेध म्हणून काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. लाखाहून अधिक माणसे चौकशीशिवाय तुरुंगात गेली, त्यांत जयप्रकाश नारायण होते. तुरुंगात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि सुटकेनंतर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात ठेवले होते.

त्याच डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई, वय ६५. या पदावर त्यांच्याआधी एकच स्त्री बसली होती, १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. आणि कराडचे स्वागताध्यक्ष कोण, तर यशवंतराव चव्हाण, त्याच सरकारचे परराष्ट्रमंत्री! यशवंतराव स्वतः मोठे वाचक, रसिक माणूस. पाहुणीने साहित्यावर बोलावे, टाळ्या घ्याव्यात आणि सुखरूप घरी जावे, हे किती सोपे होते. दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल स्पष्ट बोलल्या आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी त्याच व्यासपीठावरून केले. कुणाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करणे हा काही गुन्हा नव्हे, पण त्या दिवसांत ते नाव उच्चारणेही धाडसाचे होते.

१९७६ साली त्यांना अटक झाली ती एशियाटिकच्या ग्रंथालयातून. सुटल्यावर १९७७ च्या निवडणुकीत त्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध जाहीर बोलल्या. सरकार बदलले, आणीबाणी उठली. ज्यांची बाजू घेतली ते आता सत्तेवर होते, पण दुर्गाबाई काही मागायला गेल्या नाहीत. पुढे सरकारी मानसन्मानही त्यांनी नाकारले. मला तर कराडच्या भाषणापेक्षा हा भाग अधिक अवघड वाटतो.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅममधली चूक दाखवणाऱ्याला पगार देतात. चूक दाखवणाऱ्याचेच टेबल उचलले तर चूक तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुणी दाखवत नाही. कन्येला आणीबाणी मी अशीच समजावली.

बाईंचा हा पीळ आला कुठून? माझा एक अंदाज आहे. त्यांचा सुरुवातीचा अभ्यास प्राचीन बौद्ध संघाच्या कायद्यांवर होता आणि तो १९३९ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाला. भिक्खूंत मतभेद झाला तर रंगीत काड्या वाटून मत घेण्याची रीत विनयपिटकात सांगितली आहे. या काड्यांना शलाका म्हणत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनीही याच संघांचा दाखला दिला होता आणि राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते असे बजावले होते. ज्या बाईने तरुणपणी असले जुने नियम बारकाईने वाचले, तिला नियम मोडणारे सरकार चटकन ओळखू आले असेल.

परदेशातल्या आपल्या बैठकांत कुणी निवडणुकीचा विषय काढला की दुसरा लगेच म्हणतो, "जाऊ दे हो, पोहे थंड होतायत." आपण इथे पाहुणे आहोत, इथल्या कायद्याचा मान राखून राहतो, ते योग्यच आहे. पण पासपोर्ट भारताचा आहे. मतदानाचे वय १९८९ साली २१ वरून १८ वर आले, आणि २०११ पासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मतदार यादीत नाव घालता येते. त्यासाठी नमुना ६अ भरायचा. पासपोर्टवरचा भारतातला पत्ता ज्या मतदारसंघात, तिथे नाव लागते. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः त्या केंद्रावर जावे लागते, इथून देता येत नाही. आमचे चिरंजीव यंदा अठरा वर्षांचे झाले. "एका मतासाठी विमानाचं तिकीट?" असे ते म्हणाले. मी वाद घातला नाही, नमुना छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. दोन आठवडे तो तिथेच होता. मग एके रात्री त्यांनी विचारले, "बाबा, पत्ता आजीच्या घरचा लिहायचा ना?"

वर्गाच्या कपाटात 'ऋतुचक्र'ची एकच प्रत आहे आणि तिची पाने सुटली आहेत. कुणाच्या घरी 'व्यासपर्व' किंवा 'खमंग' असेल तर पुढच्या शनिवारी जरूर आणावे. 'खमंग' आल्यास त्यातला एखादा पदार्थ करून आणण्याची जबाबदारी आमच्या घराची.