भक्षालु, होळिगे आणि मावशीची येळवणी

जानेवारी 2018 च्या संक्रांतीला मी हैदराबादेत होतो. भालकीहून हैदराबाद म्हणजे आम्हाला परगाव वाटत नाही. वकिलीचे शिक्षण मी तिथेच घेतले आणि आमच्या आजोबांच्या पिढीला तर राजधानी म्हणून तेच एक शहर ठाऊक होते. या खेपेचे निमित्त मात्र न्यायालयाचे नव्हते, मिठाईचे होते. 13 ते 15 जानेवारी या तीन दिवसांत सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर तेलंगण शासनाच्या पर्यटन खात्याने पतंग महोत्सवाच्या जोडीने मिठाईचा जागतिक महोत्सव भरवला होता. हजार प्रकारांच्या गोडधोडाची जाहिरात होती. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून येऊन हैदराबादेत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील गृहिणींनी घरी केलेले पदार्थ मांडायचे आणि लोकांनी चव पाहत फिरायचे, अशी कल्पना. माझ्या मावसबहिणीच्या मुलीने त्यात भाग घेतला होता आणि तिचा निरोप आला होता, "मामा, तुम आना."

या निरोपामागचे आप्तसंबंध सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. माझी आई आणि तिच्या दोन बहिणी, तिघींची लग्ने एकाच बीदर जिल्ह्यात झाली. थोरली मावशी निलंग्याला, मधली जहीराबादला, आणि धाकटी, म्हणजे माझी आई, भालकीला. आईचे लग्न 1956 च्या उन्हाळ्यातले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. निलंगा, उदगीर व अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात. आणि जहीराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात. एका आईच्या तीन लेकी सहा महिन्यांत तीन राज्यांच्या रहिवासी झाल्या, तेही कोणी घर न बदलता. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेल्या दाव्याची कागदपत्रे मी अनेकदा वाचली आहेत. त्यांत गावांच्या याद्या आहेत, टक्केवारी आहे. या तिघी बहिणी कुठल्याही परिशिष्टात सापडत नाहीत.

आता तिघींपैकी मधली मावशी तेवढी उरली आहे. वय ऐंशीच्या पुढे. हैदराबादेत कुकटपल्लीला लेकीकडे असते. त्या भागातून नव्याने सुरू झालेल्या मेट्रोने, अमीरपेठेला गाडी बदलून, मी परेड ग्राउंडला उतरलो. मावशी आणि भाची सकाळीच मोटारीने डबे घेऊन गेल्या होत्या.

खरे सांगायचे तर मी तिथे खाण्याच्या हेतूने गेलोच नव्हतो. मधुमेहाने ती सोय ठेवलेली नाही. माझ्या खिशात वही होती आणि मनात या लेखमालेसाठी एक टिपण: सीमेपलीकडे गेलेल्या मराठी पदार्थनामांचे. प्रत्येक पाटीपुढे थांबायचे, नाव उतरवून घ्यायचे, करणाऱ्या बाईंना दोन प्रश्न विचारायचे आणि पुढे सरकायचे. डोक्यावर आकाशभर पतंग, खाली तुपाचा वास, आणि मध्ये काळ्या कोटाची सवय न सुटलेला एक गृहस्थ वहीत जबान्या नोंदवतो आहे, हे दृश्य इतरांना हास्यास्पद वाटले असेल.

पहिली फजिती 'मीठा' या शब्दापाशी आठवली. हैदराबादी दखनीत मीठा हे नाम आहे. डबल रोटीचा तो डबल का मीठा, जर्दाळूचा तो खुबानी का मीठा. चाळीस वर्षांपूर्वी माझ्याबरोबर गावाकडून आलेला एक मित्र इथल्या लग्नात पंगतीला बसला असता वाढप्याने "मीठा?" असे विचारताच "नको, पुरेसं आहे" म्हणाला आणि गोडाला मुकला. त्याला वाटले, मीठ वाढायला आला आहे. गंमत अशी की चूक दोघांचीही नव्हती. संस्कृतातल्या 'मृष्ट' या एकाच शब्दाची ही दोन लेकरे. मृष्ट म्हणजे स्वच्छ केलेले, रुचकर. उत्तरेत रुची साखरेत सापडली म्हणून तिथे तो गोडाचा वाचक झाला. आपल्याकडे रुची मिठात सापडली. गुजरातीत तर 'मीठुं' दोन्ही अर्थ सांभाळून आहे. आपण गोडासाठी शब्द घेतला तो गुळाच्या घरातून. गूळ आणि गोड दोघेही 'गुड' या मुळाशी जातात. शिवाय हलवा आणि वकील हे दोन्ही अरबी शब्द आपल्याकडे बहुधा एकाच वाटेने आले, ही गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एका टेबलाशी मात्र मी वही मिटून उभा राहिलो. गोदावरीकाठच्या आत्रेयपुरमचा पूतरेकुलु तिथे होता. तांदळाच्या पिठाची कागदाहून पातळ पापुद्री, आत तूप आणि दळलेली साखर, घडी घातलेली. पूत म्हणजे लेप, रेकु म्हणजे पत्रा किंवा पाकळी. करण्याची रीत त्या बाईंनी हातवारे करून सांगितली: खाली विस्तव, वर उपडे मडके, आणि पातळ पिठात बुडवलेले फडके त्या मडक्याच्या पाठीवरून एकदाच फिरवायचे. उपड्या मडक्याची पाठ म्हटल्यावर बेळगावच्या कुठल्या वाचकाला मांडे आठवणार नाहीत? आपला मांडा गव्हाचा, हातांवर झुलवत मोठा केलेला, हा तांदळाचा आणि लेपाचा. पण उपड्या खापराची युक्ती तीच आणि पिठीसाखर पेरून घडी घालणेही तेच. मांड्याचे नाव तर फार जुने. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला; त्याच्या अन्नभोग या भागात 'मंडक' आहे, 'पोलिका' आहे, 'वेष्टिका' आहे. ही कल्याणी म्हणजे आमच्या शेजारचे बसवकल्याण. त्या मैदानावर मांडे मात्र मला कुठे दिसले नाहीत. बेळगावकरांनी याची नोंद घ्यावी.

भाचीचे टेबल दुपारच्या सुमारास सापडले. मावशी मागे खुर्चीवर शाल पांघरून बसली होती. टेबलावर परातीत पुरणपोळ्या रचलेल्या, शेजारी तिळाचे लाडू, आणि पुढे सुबक तेलुगू अक्षरांत पाटी: भक्षालु.

ती पाटी वाचून मला राग आला, हे लपवत नाही. आज्जीच्या हातची कृती, आज्जीच्या माहेरचे पुरण, आणि नाव भक्षालु? मी भाचीला विचारले, "अगं, ही तर पुरणपोळी. मग पोळी का नाही लिहिलंस?" तिने निरागसपणे सांगितले, "मामा, इधर सब भक्षालु बोलते ना." ती गेल्यावर मी तोच प्रश्न मावशीला केला, जरा वरच्या सुरात. मावशीने चष्म्यातून पाहिले आणि म्हणाली, "तुझ्या भालकीच्या बाजारात काय म्हणून विकतात रे?"

यावर माझ्यापाशी उत्तर होते, पण ते माझ्या बाजूचे नव्हते. भालकीच्या बाजारात होळिगे अशी पाटी असते. एवढेच कशाला, बंगळुरूला नोकरी करणारा माझा स्वतःचा मुलगा सणाला फोनवरून मागवतो ते होळिगेच. त्याच्या घरी पुरण शिजत नाही, आणि ते शिजवायला त्याला मी कधी शिकवलेही नाही. मी स्वतः शिकलो असतो तर ना.

मग राग ओसरल्यावर एका बाजूच्या खुर्चीवर बसून मी पोळी या शब्दाची उलटतपासणी केली. होळिगे हा शब्द कानाला परका वाटतो, पण जुन्या कन्नडातल्या आरंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला आहे. दुधाला तमिळमध्ये पाल, कन्नडमध्ये हालु. वाघाला तमिळमध्ये पुलि, कन्नडमध्ये हुलि. त्याच वाटेने पोळिगेचे होळिगे. म्हणजे होळिगे ही आपल्या पोळीची सख्खी बहीण, फक्त सासर बदललेली. तमिळ लोक तर तिला आजही पोळिच म्हणतात. 'मानसोल्लासा'त पोलिका आहे म्हणून शब्द मूळचा संस्कृतच, असेही ठामपणे म्हणता येणार नाही, कारण तो ग्रंथ लिहिला गेला कन्नड मुलखातल्या राजदरबारात, आणि संस्कृताने देशी शब्दांना पदरात घेणे नवे नाही. आणि ज्या भक्षालुने माझा पारा चढवला, तो 'भक्ष्य' या शुद्ध संस्कृत शब्दाला तेलुगूचा अनेकवचनी 'लु' लावून झालेला. परका म्हणून ज्याला मी हरकत घेतली तो संस्कृत निघाला आणि आपला म्हणून ज्याची बाजू घेतली त्याचा जन्मदाखला संशयास्पद ठरला.

हे इथे लिहिताना मला थोडे अवघड जाते, कारण मेळाव्यांत बोलताना मी स्वतः पुरणपोळीचा दाखला दिला आहे. "जिथे पुरणपोळी तिथे मराठी" अशा अर्थाचे वाक्य मी टाळ्या घेण्यासाठी किमान तीनदा उच्चारले असेल. समोरच्या पक्षाचा वकील जागा असता तर त्याने दोन प्रश्नांत तो साक्षीदार फोडला असता. असा पुरावा यापुढे मी देणार नाही, आणि आपल्यापैकी इतरांनीही देऊ नये असे मला वाटते. खटला आपला आहे, म्हणून वाटेल तो कागद जोडता येत नाही.

तेवढ्यात भाचीने डब्यातून एक स्टीलची किटली काढली. "अम्मम्मा ने येळवणी भी करवाई, मामा. पियो." वाक्य हैदराबादी, हाक तेलुगू, आणि मध्ये हा शब्द, उच्चारासकट जसाच्या तसा आमच्या स्वयंपाकघरातला. पुण्या-मुंबईचे वाचक याला कटाची आमटी म्हणतील. तो 'कट' कन्नड-तेलुगूतल्या 'कट्टु'शी जुळतो. तिकडेही डाळीच्या पाण्याला तोच शब्द. येळवणी मात्र वेगळी. वेळणे म्हणजे शिजल्यावर वरचे पाणी निथळून काढणे, आमच्याकडे येळणे. आणि शेवटचे 'वणी' म्हणजे पाणी, जसे गुळवणी, चिंचवणी. करणाऱ्या बाईची क्रिया त्या शब्दातच राहिली आहे. मी भाचीला विचारले, "येळणे म्हणजे काय, ठाऊक आहे?" तिला ठाऊक नव्हते. नाम तिच्यापर्यंत पोचले, क्रियापद जहीराबादच्या शाळेत कुठेतरी गळाले. तिच्या आईच्या वेळीच गळाले असणार. मावसबहिणीचे शिक्षण तेलुगूत झाले.

मावशीला मी हळूच म्हणालो, "पोरगी तुला आजी म्हणत नाही, अम्मम्मा म्हणते. तुला काही वाटत नाही?"

मावशी बराच वेळ पतंगांकडे पाहत होती. मग म्हणाली, "मीच शिकवलं तिला. आळीतली सगळी लेकरं अम्मम्मा म्हणत होती. ही एकटीच आजी म्हणायला लागली की ती हसायची हिला. रडत घरी यायची. मग म्हटलं, म्हण बाई तू पण." थोडे थांबून ती पुढे बोलली, "तुझी आई गेली त्याच्यानंतर मराठीत भांडायला कोणी राहिलं नाही बघ मला."

माझ्याजवळ यावर युक्तिवाद नव्हता. मी येळवणी प्यायलो. मसाला आईच्या हाताचाच होता: सुके खोबरे भाजून, काळे तिखट, आणि गूळ नावाला. पोळीचा अर्धा तुकडा मधुमेहाला न विचारता खाल्ला.

संध्याकाळी गर्दी वाढली. एक तेलुगू जोडपे आले, त्यांनी भक्षालु चाखले आणि किटलीकडे बोट करून ते काय म्हणून विचारले. भाचीने तेलुगूत उत्तर दिले. मला त्यातले पप्पु आणि येळवणी एवढे दोन शब्द कळले. त्या बाईंनी "येळवणी, येळवणी" असे दोनदा घोळून पाहिले. 'ळ' त्यांना मुळीच जड गेला नाही. तो तिघांच्याही भाषेत आहे.

निघताना मावशीने माझी वही मागितली. तिला वाटले, मी कृती उतरवून घेत होतो. मी पाने दाखवली तेव्हा ती म्हणाली, "नावंच लिहिलीस नुसती? प्रमाण कोण लिहिणार?" मग तिने सांगितले आणि मी लिहून घेतले: एक शेर हरभऱ्याची डाळ, बोटाने दाबली की मोडली पाहिजे, त्याच्या अगोदर येळायची नाही, डाळीइतकाच गूळ, जायफळ शेवटी. भाची मागे उभी राहून ऐकत होती. 'येळायची' म्हणताना मावशीने दोन्ही हातांनी पातेले तिरपे धरल्याची खूण केली, तेव्हा तिने मोबाइलवर चित्रण सुरू केले.

त्या वर्षी मे महिन्यात अधिक ज्येष्ठ लागणार होता. मावशीचे म्हणणे, धोंडे करायचे आहेत, तेहतीस अनारसेही, आणि लेकीच्या घरच्या कढईवर तिचा भरवसा नाही. तेव्हा मी भालकीहून आईची लोखंडी कढई घेऊन यावे. ती माळ्यावर आहे. परवा उतरवून घासायला दिली.