थोरल्या काकूचा टाक

माणदेशात पाऊस कमी आणि भुतं फार. ओढ्यातली हडळ, पिंपळावरचा मुंजा, शिवेवरचा वेताळ. पण त्यांची भीती दहा-बारा वर्षांपर्यंतच. पुढं कळतं, की ही भुतं साऱ्या गावाची, खास आपल्यासाठी कुणी टपून बसलेलं नाही. आमच्या घरची भीती वेगळी होती. ती देवघरात, चांदीच्या पत्र्यावर, बोटभर उंचीची.

तो थोरल्या काकूचा टाक. आमचे आजोबा तीन भावांत मधले. थोरला भाऊ 1918 च्या मानमोडीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्रापलीकडं हक्क नव्हता, आणि हिला तेवढंही जड झालं. अंगावरच्या लुगड्यानिशी तिला माहेरी पाठवलं. जाताना तिनं विहिरीपाशी गाडी थांबवली, मूठभर माती उचलली आणि पाण्यात टाकली. तोंडातून शब्द काढला नाही, असं आई सांगायची. पलीकडच्या घरात सांगतात, की तिनं वंश बुडेल म्हणून शिव्याशाप दिले.

पुढं दोन्ही घरांत जे वाईट घडलं ते तिच्या नावावर. पलीकडचं पोर विहिरीत पडलं, तिचा तळतळाट. आमच्या वडलांचा पाय मोडला, तिचा तळतळाट. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली तीही तिनंच आटवली. त्या साली साऱ्या तालुक्याच्या विहिरी आटल्या होत्या, पण हे म्हणणार कोण? तिला हाकललं कुणी यावरून दोन घरांचं वाकडं. आम्ही म्हणणार धाकट्यानं, ते म्हणणार मधल्यानं. एका विहिरीवर दोघांच्या पाळ्या, पण एकमेकांच्या घरी पाणी प्यायचं नाही. लग्नाची अक्षत यायची, माणूस जायचं नाही.

जाणत्याला विचारलं तेव्हा त्यानं तिचा टाक करून देवघरात बसवायला सांगितलं. दोन्ही घरांनी दोन टाक केले. पितृपाटात दोन्हीकडं नैवेद्य. जितीला भाकरी जड झाली होती, मेल्यावर पुरणपोळी.

नववीत असताना मी तालुक्याच्या वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणून वाचायची. त्यांचे समर्थ आले की दुष्ट शक्तीचा बंदोबस्त होणार, ही खात्री. मला एकच कोडं पडायचं. समर्थ आमच्या घरी आले, तर बंदोबस्त कुणाचा करतील?

1998 च्या उन्हाळ्यात थोरल्या भावाची मुलगी पुण्याहून सुट्टीला आली, तेरा-चौदा वर्षांची. पिशवीत इंग्रजी पुस्तकं. आर. एल. स्टाइन या अमेरिकन लेखकाची 'फियर स्ट्रीट' ही पोरासोरांची भयकथामाला 1989 ला सुरू झाली, आणि त्या गल्लीला शाप कसा लागला हे सांगणारे तीन भाग 1993 ला आले. रात्री अंगणात बाजेवर पडून ती आईला ते मराठीतून सांगायची. मीही ऐकायची.

गोष्ट थोडक्यात अशी. 1692 साल, अमेरिकेतली इंग्रजांची वसाहत. फायर घराण्यातले दोन भाऊ, थोरला न्यायाधीश. त्याच्या मुलाचं गूड घराण्यातल्या गरीब मुलीवर मन बसलेलं. बापाला श्रीमंत सून हवी. म्हणून त्या मुलीला आणि तिच्या आईला चेटकीण ठरवलं. सोडवतो म्हणून धाकट्यानं मुलीच्या बापाकडून होतं नव्हतं ते घेतलं, आणि तरीही दोघींना जाळलं. त्या बापानं शाप दिला. पुढं दोनशे वर्षं दोन्ही घरांतली पोरं एकमेकांच्या हातून मरत राहतात.

आई मधेच म्हणाली, "पैसं घेतलं आन् वर जाळली? मंग पैसं परत दिलं का न्हाई त्येंनी?"

"आजी, भुताची गोष्ट आहे. पैशाचं काय त्यात?"

"पैशाचंच हाय की समदं. पैसं दिलं असतं तर येवढी पोरं कशाला मेली असती?"

पोरगी हसली. मला हसू आलं नाही. तिन्ही भाग मी नंतर स्वतः वाचून काढले, तेव्हा लक्षात आलं, की त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शापावर उपाय चालतात, नाव बदलतात, पळून जातात, वाडा बांधतात. घेतलेलं परत द्यावं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आणखी एक उपाय त्यात पुन्हा पुन्हा येतो: या घरातल्याचं त्या घरातलीवर प्रेम बसतं आणि आता वैर मिटेल असं वाटतं. आमच्याकडं तोही रस्ता बंद. भावकीत सोयरीक होत नाही.

त्या नादानं मी सेलमबद्दलही वाचलं. खऱ्या सेलममध्ये कुणाला जाळलं नव्हतं. 1692 साली 19 जणांना फाशी दिलं. त्यात एक सारा गूड. खानावळवाल्या सधन बापाची लेक, पण बापामागं वाटा हाती लागला नाही, आणि शेवटी दारोदार मागायची पाळी आली. भीक न मिळाल्यावर पुटपुटते, म्हणजे चेटूक करते, असं लोक म्हणायचे. फासावर चढताना तिनं पाद्र्याला शाप दिला, अशी आख्यायिका आहे. जिचा वाटा गेला तीच चेटकीण. हे वाचताना मला आमची विहीर दिसत होती.

2021 साली याच पुस्तकांच्या नावानं तीन सिनेमे आले. एका रात्री अकरा वाजता पुतणीचा फोन. आता ती चाळिशीकडं झुकलेली.

"आत्या, यात उलटं केलंय गं. तीनशे वर्षं सगळं गाव एका फासावर दिलेल्या बाईला शिव्या देतं. आणि तिनं काहीच केलेलं नसतं. सौदा दुसऱ्याच घरानं केलेला असतो, ज्यांचं तेव्हापासून चांगलं चाललंय त्यांनी."

"बरं मग?"

"मग काही नाही. पप्पांनी तुला कागद पाठवलाय ना?"

पाठवला होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, जमीन वडलांच्याच नावावर. भावांना आता वाटण्या करायच्या होत्या. हक्कसोडपत्राचा मसुदा, माझ्या नावासमोर सहीची जागा, आणि वर, मी हा हक्क राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे, अशी भाषा. 2005 च्या दुरुस्तीनं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच हिस्सा आहे, म्हणूनच तर या कागदाची गरज. गावात बहिणी सही करतात, साडी घेतात, आणि माहेर शाबूत राहतं. न करणारीचं काय होतं तेही पाहिलंय. तिला कुणी शाप देत नाही. दिवाळीला बोलावणं येत नाही, एवढंच.

"सही केलीस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"करू नकोस. उद्या माझ्याकडंही असाच कागद येईल."

भावाला मी फोन केला. म्हटलं, सहीचं पुढं बघू, आधी थोरल्या काकूचा टाक मला दे. माझ्या देवघरात ठेवते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टाक कसा देणार गं? घरचा देव लेकीला देत नाहीत."